पिवळी वाळू

उस्तिनानं मार्कियानचा हात माउसवरून उचलला आणि टेबलावर ठेवला.

"थांब. हे लाल ठिपके पुसून टाक सगळे."

"वेड लागलंय का तुला?" मार्कियान म्हणाला. "कालपासून डोळे फोडून घेतोय मी."

स्क्रीनवर कोमिशांकाची दफनभूमी होती. वरून, उपग्रहातून दिसते तशी. मार्चमधल्या फोटोत ती सगळी करडी, मळकट होती. परवाच्या फोटोत त्याच जागी पिवळट चौकोन उठले होते, रांगेनं, एकाला एक लागून. ताजी उकरलेली माती अशीच दिसते. मार्कियाननं प्रत्येक चौकोनावर एक लाल ठिपका दिला होता. एक ठिपका म्हणजे एक नवी कबर.

"या नव्या कबरी नाहीत."

"मग काय आहे? काकडीचे वाफे?"

"वाळू आहे."

मार्कियाननं खुर्ची फिरवली. उस्तिना चहा घेऊन आली होती, पण कप तिनं मागेच कुठेतरी ठेवला होता. दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेऊन ती स्क्रीनकडे बघत उभी होती.

"तू हे बघायचं नाहीस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "बाई येतील आता."

ते खरं होतं. विन्नित्स्यात, एका बंद पडलेल्या दाताच्या दवाखान्यात, चौघांचं हे ऑफिस होतं. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या गावांचे उपग्रहाचे फोटो मागवायचे. कुठलं घर जळलं, कुठे खंदक खणला, कुठे कबरी वाढल्या, ते तारखेनिशी लिहून ठेवायचं. कधीतरी कोर्टात उभं राहील, एवढ्या आशेवर. आणि ऑफिस चालवणाऱ्या तामिलाबाईंचा नियम होता, आपल्या गावाच्या फोटोंवर आपण बसायचं नाही. डोळ्यांना जे हवं असतं तेच डोळे बघतात, असं त्या म्हणायच्या. कोमिशांका उस्तिनाचं गाव. म्हणून ते मार्कियानकडे. मार्कियान पार पश्चिमेकडच्या ल्विवचा. द्नीप्रो नदीच्या पलीकडची गावं त्यानं आयुष्यात फक्त वरूनच बघितली होती.

"रविवारी प्रोवोदी आहे," उस्तिना म्हणाली. "ईस्टरनंतरचा रविवार. पितरांचा. त्याच्या आधी सगळं गाव कबरी साफ करतं. गवत उपटतात, कुंपण रंगवतात, आणि वर पिवळी वाळू टाकतात. ओढ्याच्या दरडीतली."

"कबरीवर वाळू? तुमच्याकडे मेलेल्यांनाही समुद्रकिनारा लागतो?"

"आणि तुम्ही नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावून जंगल पेटवल्यासारखं करता ते?"

"ते छान दिसतं."

"हेही छान दिसतं. चल, सरक."

तो दाराकडे एकदा बघून सरकला. तिनं जुन्या फोटोंचा कप्पा उघडला, लढाईच्या आधीच्या वर्षांतला एक एप्रिल शोधला आणि दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले. तेव्हाही पिवळे चौकोन होते. तेच चौकोन, त्याच जागी.

मार्कियाननं ओठांतल्या ओठांत शिट्टी घातली. मग दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"मला कोणी सांगितलं असतं तर—"

"कोण सांगणार? कोमिशांकाचं माणूस इथे एकच आहे, आणि तिला बघायची बंदी आहे."

 उस्तिना आता त्याच्याशी बोलतच नव्हती. तिचा माउस खाली, कुंपणाच्या कोपऱ्याकडे निघाला होता. तिथे लायलॅकचं झुडूप होतं, वरून नुसता हिरवा गोळा. त्याच्या शेजारी एक पिवळा चौकोन. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की त्याचे ठिपके ठिपके झाले आणि काहीच कळेनासं झालं. मग परत लहान केला. वाळू होती. कडेपर्यंत होती.

बाबा तिथे होते. ते गेल्यापासून दर वर्षी या आठवड्यात आई जुन्या बाबागाडीत वाळू भरायची, चढावरून ढकलत न्यायची आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. दादानं एकदा फावडं उचललं तर त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. तुझ्या बापाला मी ओळखते, म्हणाली, त्याला कडेपर्यंत लागते.

सप्टेंबरपासून आईचा फोन लागत नव्हता. टॉवर पाडला म्हणे. कोणी म्हणे, घराघरांत शिरून फोनच काढून नेले. आई एकटी होती तिथे. चल म्हटलं तेव्हा आली नव्हती, कोंबड्यांचं काय करू म्हणाली होती. उस्तिना रोज संध्याकाळी नंबर लावायची, पलीकडे एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात तेच ते वाक्य बोलायची, आणि उस्तिना ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. सात महिने जिवंत की मेली, काही नाही. आणि आता ही वाळू.

"तुझं कोणी आहे तिथे?" मार्कियाननं विचारलं. "म्हणजे, पुरलेलं?"

"बाबा."

"वाळू आहे?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. मग स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

मार्कियान उठला. खिडकीत ठेवलेला ईस्टरचा गोड पाव आणला, एक तुकडा तोडला आणि तिच्या हातात कोंबला.

"खा. दगड झालाय, पण पवित्र दगड आहे."

ती हसली आणि खायला लागली, आणि तेवढ्यात तामिलाबाई आल्या. साठीच्या बाई. आयुष्यभर जमीनमोजणी खात्यात नकाशे काढले होते. त्यांनी उस्तिनाला त्या खुर्चीत बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं, आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या,

"नियम मी भिंतीला ऐकवायला केलाय का?"

"बाई, आधी बघा तरी," मार्कियान म्हणाला. "नंतर आम्हा दोघांना उलटं टांगा."

बाईंनी चष्मा लावला. दोन्ही फोटो बघितले. उस्तिनानं वाळूचं सांगितलं. बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, सगळं गाव टाकतं? दर वर्षी? माझ्या आईकडे तर नुसतं गवत काढायचे. उस्तिना म्हणाली, आमच्याकडे वाळू न टाकलेली कबर म्हणजे त्याचं मागे कोणी उरलं नाही.

बाई खाली बसल्या. पिशवीतून बटाटे दिसत होते.

"मी त्या परदेशी वार्ताहराला काल नव्या कबरी पन्नासच्या वर म्हणून बसले," त्या म्हणाल्या. "छापून आलं असतं, तर उद्या तिकडच्या टीव्हीवर एखादी म्हातारी उभी केली असती. हातात वाळूची बादली. बघा म्हणे, काय खोटं बोलतात हे. आणि मग आपलं आधीचं खरं होतं तेही गेलं खड्ड्यात."

"म्हणजे माझ्यामुळे आपण जवळजवळ लढाईच हरलो होतो," मार्कियान म्हणाला.

"तू गप्प बस आणि खऱ्या नव्या किती ते काढ. चार वाजता तो फोन करणार आहे."

मार्कियाननं काढलं. जुन्या फोटोंत, अगदी हिवाळ्याआधीच्या फोटोतही, नसलेल्या आणि आता असलेल्या. एक एक चौकोन दोनदा बघितला त्यानं, या वेळी लाल ठिपका द्यायच्या आधी उस्तिनाकडे बघत होता. बाहेर जनरेटर खोकला, दिवा बारीक झाला आणि परत मोठा झाला.

"चार," तो शेवटी म्हणाला. "रस्त्याकडच्या टोकाला. अख्ख्या हिवाळ्यात चारच. एवढी म्हातारी माणसं तर एरवीही जातात. म्हणजे तसं बरंच चाललंय म्हणायचं तिथे."

उस्तिनानं वळून त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"बरं चाललंय असं मी लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "चार लिहीन."

उस्तिना फोन घेऊन बाहेर गेली.

बाहेर म्हणजे दवाखान्याची जुनी बसायची खोली. भिंतीवर अजून एका हसऱ्या दाताचं चित्र होतं, हातात ब्रश घेतलेला दात. त्याच्याखाली उभं राहून तिनं भावाला फोन लावला. यूखिम झ्मेरिंकाला रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करायचा. त्यानं उचलला तेव्हा मागे कोणीतरी लोखंडावर घण घालत होतं.

"दादा, बस कुठेतरी."

"काय झालं? कुठे बॉम्ब पडला?"

"काही पडलं नाही रे. चांगलं आहे. बाबांच्या कबरीवर वाळू आहे!"

"काय आहे?"

"वाळू! बहिऱ्या, बाहेर जा तिथून."

घणाचा आवाज लांब गेला. दार लागलं.

"परवाचा फोटो आहे," ती म्हणाली. "मी बघितला, मला बघायचा नव्हता पण बघितला. पिवळी, कडेपर्यंत. शेजारच्या चेरेवाकांच्या कबरीवर नुसतं मीठ भुरभुरल्यासारखं केलंय, आणि बाबांचं बघ—" तिला हसू यायला लागलं. "बाबांचं एकदम गादी घातल्यासारखं."

"अच्छा," यूखिम म्हणाला. "म्हणजे मोत्र्याकाकूंना जमलं तर. बरं झालं."

उस्तिना हसतच होती. ते थांबायला थोडा वेळ लागला.

"मोत्र्याकाकूंना कशाला जमायला पाहिजे?"

"नाही, म्हणजे... कोणालाही."

"काकूंना दफनभूमीपर्यंत चालवत नाही. शेजारीण म्हणून आईच त्यांना हात धरून नेते. तू त्यांचं नाव का घेतलंस?"

पलीकडे वारा होता नुसता.

"दादा."

"मी संध्याकाळच्या गाडीनं येतो, उस्तिन्का. समोर बसून बोलू."

"आत्ता बोल."

"काकूंची भाची फेब्रुवारीत बाहेर पडली," तो म्हणाला. प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. "क्रिमियातून, मग जॉर्जिया, अशी फिरत फिरत. इथेच असते आता, स्टेशनच्या मागे. तिचा काकूंशी अजून निरोप चालतो, कसा ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, सणाला आमच्या बाबांवर वाळू टाकायला सांगा. कडेपर्यंत टाका म्हणावं. आई टाकायची तशी."

उस्तिनानं भिंतीला हात लावला. भिंत तेलकट रंगाची होती, हाताला गार लागली.

"कधी?"

"जानेवारीत. पाणी आणायला गेली होती. ड्रोन आलं."

"कोणाचं?"

"खाली उभं असलेल्याला ते कळत नाही गं."

एक बाई जिन्यावरून वर आली, दवाखाना उघडा आहे का म्हणून विचारलं. उस्तिनानं मानेनं नाही म्हटलं. बाई गालावर हात धरून परत खाली गेली.

"फेब्रुवारीपासून तुला माहीत आहे," उस्तिना म्हणाली.

"ईस्टरनंतर सांगणार होतो."

"ईस्टरला तू माझ्याकडे जेवलास. मी आईच्या वाटणीचं रंगवलेलं अंडं बाजूला काढलं, तर तू म्हणालास, निळं नको, लाल ठेव. तिला लाल आवडतं म्हणालास."

"हो."

"अजून फ्रीजमध्ये आहे ते."

"माहीत आहे मला."

"कुत्र्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पलीकडून यूखिमचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यासारखा. तो फोन ठेवत नव्हता आणि तीही ठेवत नव्हती.

मग तिनं विचारलं, "कुठे आहे ती? बाबांच्या शेजारी काही नाही. ती जागा मोकळी आहे, मी बघितली."

"तिथे नेता आलं नाही. हिवाळाभर तो रस्ता बंद होता. सुरुंग. मार्चच्या शेवटी उघडला म्हणे." तो थांबला. "बागेत आहे. जर्दाळूखाली. काकू आणि त्यांचा जावई, दोघांनीच केलं. जमीन इतकी गोठलेली होती की आधी वर शेकोटी पेटवावी लागली."

"आपल्या बागेत."

"सगळ्यांनी तसंच केलं गं. भाची म्हणत होती. ज्याचं त्याच्या अंगणात."

"सगळ्यांनी म्हणजे किती जणांनी?"

"मी काय मोजत बसलो का? आईचं ऐकलं आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही."

"संध्याकाळी ये," उस्तिना म्हणाली. "भाचीला घेऊन ये."

"आज?"

"आज."

तिनं फोन बंद केला. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं लहान बेसिन होतं. तिनं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, आणि पुसायला काही नव्हतं म्हणून तशीच ओल्या तोंडानं आत गेली.

तामिलाबाई एका बोटानं टाइप करत होत्या. नेहमीसारखं तोंडानं मोठ्यानं बोलत.

"'...या हिवाळ्यात कोमिशांकाच्या दफनभूमीत नव्या कबरी, चार.' बास. पाठवते."

"चार पाठवू नका," उस्तिना म्हणाली.

"आता काय? आत्ता तूच तर पुसायला लावलंस सगळं."

"जानेवारीचा फोटो आहे का आपल्याकडे?"

"आहे," मार्कियान म्हणाला. "शेवटच्या आठवड्यातला, बर्फातला. पण त्यात काही नाही. दफनभूमी नुसती पांढरी. पाऊलवाटसुद्धा नाही."

"जाताच येत नव्हतं तर वाट कुठून असणार. घरं दाखव."

"घरं आपण बघितलीच नव्हती. कबरी मोजायच्या होत्या, म्हणून मी फक्त—"

"दाखव ना रे."

तामिलाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं. बाईंनी बोट बटणावरून काढलं आणि मांडीवर ठेवलं. नियमाचं काही बोलल्या नाहीत.

मार्कियाननं फोटो उघडला. बर्फातलं कोमिशांका. छपरं पांढरी, धुरांड्यांभोवती काजळी. तीन-चार छपरांच्या जागी काळी भोकं. गल्ली म्हणजे दोन बारीक रेघा. उस्तिना वाकली. विहिरीपासून सुरुवात केली, विहिरीपासून वर, दुसरं वळण, निळ्या फाटकाचं घर. वरून फाटक दिसत नाही, पण जिथे थांबायचं होतं तिथेच तिनं बोट थांबवलं. घराच्या मागे जर्दाळूचं झाड, पानं नसलेलं. त्याची सावली बर्फावर मोडक्या कंगव्यासारखी पडली होती. सावलीच्या पलीकडे एक काळपट, लांबट डाग होता. भोवती बर्फ तुडवलेला.

तिनं बोट तिथेच ठेवलं. जनरेटर घरघरत होता. मार्कियाननं एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा स्क्रीनकडे.

मग तिनं बोट पुढच्या अंगणात नेलं. तिथेही एक होता. त्याच्या पलीकडच्या अंगणात नव्हता. गल्लीच्या समोरच्या बाजूला दोन होते, शेजारीशेजारी, एक मोठा आणि एक आखूड. ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या घरांमागे आणखी दिसत होते. काही गोठ्यांना लागून, काही झाडांखाली.

मार्कियान पुढे झुकला. खूप वेळ बघत राहिला.

"बटाट्याचे खड्डे असतील," तो म्हणाला. हळू, जपून. "माझी आजी पुरायची. हिवाळ्यात लागले की बर्फ बाजूला करून काढायची. वरून असेच दिसतील."

"असतील," उस्तिना म्हणाली. "काही असतीलही."

"मग खूण काय करू?"

"आत्ता काहीच करू नकोस. यातला एक मला माहीत आहे. बाकीचे विचारायला लागतील."

कुठला एक, ते त्यानं विचारलं नाही. तो खुर्चीतून उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. तामिलाबाईंनी पिशवीतले बटाटे उगाचच वर-खाली केले आणि पिशवी टेबलाखाली ढकलली.

बाईंचा फोन वाजला. चार वाजले होते. दोन वेळा वाजू दिला त्यांनी, मग उचलला. पलीकडचा माणूस परदेशी होता, भरभर बोलत होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता. बाई ऐकत राहिल्या. समोर उस्तिना पाठमोरी उभी होती आणि तिचं बोट एका अंगणातून दुसऱ्या अंगणात चाललं होतं.

"नाही," तामिलाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "आकडा नाही. अजून मोजून झालेलं नाही."